घर कोणाचं, डागडुजी कोणाची?



ज्या वकीलसाहेबांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी उभी हयात मुंबईच्या लघुवाद न्यायालयात भाडेकरूंची बाजू लढवली. त्यांच्या नावाच्या व्यासपीठावरून मी घरमालकांच्या आणि घरात पैसा गुंतवणाऱ्यांच्या अडचणींवर बोलणार म्हटल्यावर संयोजकांपैकी एकदोघांना आश्चर्य वाटलं. मला त्यात विसंगती दिसत नाही. मी स्वतः दोन्ही बाजूंची वकीलपत्रं घेत आले आहे. मालकाच्या हातात दुरुस्तीला पैसा उरला नाही, की आधी गळतं ते भाडेकरूच्या डोक्यावरचं छत.

घरावरचा हक्क एकाकडे आणि घराच्या देखभालीचा बोजा दुसऱ्याकडे, अशी फारकत आपल्या राज्यात कायद्याने आणि व्यवहाराने होऊन बसली आहे. जुन्या चाळीपासून नव्या टॉवरपर्यंत जे खटले माझ्यासमोर येतात, त्यांतले बहुतेक या फारकतीतून निघालेले असतात. आज मी त्याबद्दलच बोलणार आहे.

सुरुवात युद्धापासून करावी लागते. पहिल्या महायुद्धाच्या शेवटी, १९१८ साली, मुंबईत भाड्यांवर नियंत्रण आणणारा कायदा प्रथम झाला. दुसऱ्या महायुद्धात तेच पुन्हा झालं, आणि स्वातंत्र्यानंतर लगेच १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा आला. फाळणीनंतर माणसांचे लोंढे शहरात येत होते, गिरण्या चालू होत्या, खोली मिळणं मुश्कील होतं. अशा वेळी भाडेकरूला रस्त्यावर काढता येऊ नये ही भूमिका योग्यच होती. त्या कायद्याने प्रमाणित भाडं ठरवलं ते १ सप्टेंबर १९४० या तारखेवर: त्या दिवशी जे भाडं होतं ते. जागा नंतर प्रथम भाड्याने गेली असेल, तर त्या वेळचं. महापालिकेचे कर वाढले तर तेवढी वाढ घेता येई, बाकी आकडा तिथेच. कायदा तात्पुरता म्हणून आला होता. मुदतवाढी मिळत मिळत तो अर्धशतकाहून अधिक काळ राहिला.

या काळात सिमेंट महागलं, सागवानी तुळया मिळेनाशा झाल्या, गवंड्याची मजुरी कित्येक पटींनी वाढली. भाडं हललं नाही. तेव्हा मालकांनी काय केलं? एक रस्ता होता पागडीचा. खोली देताना एकरकमी मोठी रक्कम रोखीने घ्यायची आणि पावती नाममात्र भाड्याची फाडायची. १९४७ च्या कायद्याने असं करणं गुन्हा ठरवलं होतं, तरी सगळी मुंबई ते करत होती. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने, कलम ५६ ने, पागडीला मान्यता दिली. आज पागडीची खोली विकली जाते तेव्हा मालकाच्या संमतीसाठी रकमेचा काही हिस्सा त्याला द्यायचा, हा रिवाज झाला आहे. म्हणजे मालकाला खरं उत्पन्न मिळतं ते खोली हस्तांतरित होताना. माणसं खोलीत नीट नांदत असताना त्याला जवळजवळ काहीच मिळत नाही. इमारत चांगली ठेवण्यात त्याचा कोणता फायदा उरतो, हे तुम्हीच पाहा.

एक हिशेब मांडते. तळमजला अधिक तीन मजल्यांची चाळ, चाळीस खोल्या. २००० साली दरखोली भाडं ६० रुपये होतं असं धरू. नव्या कायद्याने मालकाला दरवर्षी चार टक्के वाढ घेता येते. पंचवीस वर्षं ती न चुकता घेतली, तरी भाडं जेमतेम १६० रुपयांवर येतं. सगळ्या चाळीचे महिन्याला ६,४०० रुपये. त्यातून जिन्यातला दिवा, पाण्याचा पंप, झाडूवाला. वर्षभराची सगळी वसुली एकत्र केली तरी तेवढ्यात गच्चीचं वॉटरप्रूफिंगही पुरं होणार नाही.

भाडेकरूच्या बाजूने पाहिलं तरी हाच आकडा आडवा येतो. डागडुजी ही मालकाची जबाबदारी, असं याच कायद्याचं कलम १४ सांगतं. त्याने ती केली नाही, तर भाडेकरूने नोटीस द्यावी, पंधरा दिवस थांबावं, स्वतः काम करून घ्यावं आणि खर्च भाड्यातून वळता करावा. वाचायला छान आहे. मात्र एका वर्षात वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून अधिक रक्कम वळती करता येत नाही. वर्षाचं भाडं १,९२० रुपये, त्याचा चौथा हिस्सा ४८० रुपये. एवढ्यात सिमेंटची एखादी गोणी येईल. म्हणजे मालकाला परवडत नाही, भाडेकरूला वसूल होत नाही, आणि पिंपळ मात्र भिंतीत वाढत राहतो.

जुन्या चाळीतल्या कुठल्याही घरात जाऊन भाडेपावती मागा. प्लॅस्टिकच्या पिशवीतून ती निघते आणि वर नाव असतं आजोबांचं. आजोबा जाऊन तीसेक वर्षं झालेली असतात. भाडेकरू वारला की त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे भाडेकरूपण जातं, असं कायदा सांगतो, पण नाव लावून घ्यायला गेलं की मालक पागडीच्या हिशेबाची रक्कम मागतो. ती नको म्हणून नाव लागत नाही. मग मालक भाडं घ्यायचंच थांबवतो, कारण मुलाकडून भाडं घेतलं तर त्याला भाडेकरू मानल्यासारखं होईल. मुलगा मनीऑर्डर करतो, ती ‘घेण्यास नकार’ शेरा मारून परत येते. त्या परत आलेल्या मनीऑर्डरींच्या पावत्या दोऱ्यात ओवून ठेवलेल्या मी पाहिल्या आहेत, कारण भाडं देण्याची तयारी होती हे कोर्टात दाखवायला तेवढाच पुरावा असतो. मालकाच्या घरीही तशीच स्थिती असते. मालमत्ता पत्रकावर पणजोबांचं नाव, वारस पाचपंचवीस, त्यांतले काही परदेशी, दोघांत वाटणीचा दावा. पुनर्विकासाच्या करारावर सही कोणी करायची हेच ठरत नाही. चाळ पडायला आली तरी दोन्हीकडे अधिकाराने बोलू शकेल असा माणूस सापडत नाही.

सरकारला हे दिसत नव्हतं असं नाही. १९६९ साली इमारत दुरुस्ती मंडळाचा कायदा झाला. बेट शहरातल्या जुन्या इमारतींवर उपकर बसवला, तो रहिवाशांनी भरायचा आणि दुरुस्ती मंडळाने करायची. तेव्हा अशा १९,६४२ इमारती होत्या. अनेक पाडून नव्या झाल्या, काही कोसळल्या, आणि आजही तेरा हजारांच्या आसपास उभ्या आहेत. मंडळाने कित्येक इमारतींना टेकू देऊन माणसं वाचवली, हे कृतज्ञतेने सांगायला हवं. पण टेकू म्हणजे दुरुस्ती नव्हे. ३१ ऑगस्ट २०१७ ला भेंडीबाजारात हुसैनी इमारत पडली, तीसहून अधिक माणसं गेली. १६ जुलै २०१९ ला डोंगरीत केसरबाई इमारतीचा भाग पडला. दर पावसाळ्याआधी अतिधोकादायक इमारतींची यादी लागते, नोटिसा चिकटतात, आणि माणसं घर सोडत नाहीत. का सोडत नाहीत? कारण खोली रिकामी केली की हक्क गेला, ही भीती. संक्रमण शिबिरात गेलेली पिढी तिथेच म्हातारी झालेली त्यांनी पाहिली आहे.

१९८६ साली म्हाडा कायद्यात आणखी एक प्रकरण जोडलं गेलं. सत्तर टक्के रहिवाशांनी सहकारी संस्थेच्या रूपाने मागणी केली, तर सरकारने उपकरप्राप्त इमारत संपादित करून त्यांना द्यावी आणि मालकाला मासिक भाड्याच्या शंभरपट मोबदला द्यावा. मघाच्या चाळीला हे लावून पाहा: ६,४०० गुणिले शंभर, म्हणजे संपूर्ण चाळीचे, जमिनीसकट, ६ लाख ४० हजार रुपये. मालकांची संघटना १९९२ साली सर्वोच्च न्यायालयात गेली. प्रकरण पाच न्यायमूर्तींकडून सातांकडे आणि सातांकडून नऊ जणांकडे गेलं. ५ नोव्हेंबर २०२४ ला निकाल आला. प्रत्येक खाजगी मालमत्ता ही राज्यघटनेच्या अनुच्छेद ३९(ख) मधली ‘समाजाची भौतिक साधनसंपत्ती’ ठरत नाही, असं बहुमताने सांगितलं गेलं. तत्त्व म्हणून हा निकाल महत्त्वाचा आहे, आणि मला तो पटतो. पण बत्तीस वर्षं गेली. एवढ्या काळात ज्या भिंतींवरून वाद होता त्या किती झिजल्या असतील, याचाही विचार करावा.

त्याआधी, डिसेंबर १९९७ मध्ये, मालपे विश्वनाथ आचार्य यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९४० वर गोठवलेलं भाडं काळाच्या ओघात अवाजवी आणि मनमानी ठरलं आहे असं म्हटलं होतं. कायद्याची मुदत संपत आली होती आणि नवा कायदा येऊ घातला होता, म्हणून न्यायालयाने तो रद्द केला नाही. १९९९ चा तो नवा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याने काय केलं? १ ऑक्टोबर १९८७ ला जे भाडं होतं त्यात पाच टक्के मिळवले आणि त्याला प्रमाणित भाडं म्हटलं. आधीच गोठलेल्या आकड्यात पाच टक्के. आजच्या अनेक तंट्यांचं मूळ त्या एका व्याख्येत आहे, असं माझं ठाम मत आहे.

आता तुमच्यापैकी ज्यांची एखादी सदनिका आहे, निवृत्तीच्या पैशांतून घेतलेली किंवा मुलाकडे परदेशी जाताना बंद ठेवलेली, त्यांच्याकडे येते. हे मालक काही जमीनदार नव्हेत. पेन्शनीला जोड म्हणून भाडं हवं, एवढीच त्यांची अपेक्षा. तरी यांतले किती तरी जण घर कुलूप लावून ठेवतात. २०१७-१८ च्या केंद्राच्या आर्थिक पाहणीत, २०११ च्या जनगणनेच्या आधारे, देशात सर्वांत जास्त रिकामी घरं मुंबईत असल्याचं नोंदवलं होतं: सुमारे ४ लाख ८० हजार. ज्या शहरात चाळीस टक्क्यांहून अधिक माणसं झोपडीत, त्या शहरात.

या कुलपाचं एक कारण १९७३ साली आहे. तोवर मालक भाडेकरार टाळून ‘लिव्ह अँड लायसन्स’ म्हणजे केवळ वापराच्या परवानगीने जागा देत. कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९७३ ला अशा परवान्यावर जे जागेत राहत होते ते भाडेकरू ठरले. ज्यांनी विश्वासाने वर्षभरासाठी घर दिलं होतं, त्यांचं घर कायमचं गेलं. ती धास्ती घराघरांत मुरली आणि पुढच्या पिढीपर्यंत पोहोचली.

पण आजचा कायदा वेगळा आहे, आणि हे मला आवर्जून सांगायचं आहे, कारण अज्ञानामुळे माणसं नको तिथे घाबरतात आणि हवं तिथे बेफिकीर राहतात. परवान्याचा करार लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे, आणि ही जबाबदारी मालकाची आहे. कलम ५५ तसं स्पष्ट म्हणतं. नोंदणी नसेल तर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि त्याहून गंभीर म्हणजे अटींविषयी वाद झाला तर, उलट सिद्ध होईपर्यंत, राहणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. अकरा महिन्यांचा करार केला की नोंदणी लागत नाही, ही समजूत महाराष्ट्रात चुकीची आहे. अकरा महिने असोत की अकरा दिवस, नोंदणी हवीच. आता ती घरबसल्या होते. एजंट लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन येतो, दोन साक्षीदार बसतात, चहा होईपर्यंत काम संपतं. त्या वेळी घाई करू नका. परिशिष्टात पंखे किती, गीझर कोणता, खिडकीची काच तडकलेली आहे का, मीटरचं रीडिंग किती, हे लिहून घ्या आणि फोटो काढून ठेवा. डिपॉझिटवरून होणारी निम्मी भांडणं त्या एका पानाने टळतात.

करार नोंदणीकृत असेल आणि मुदत संपूनही राहणारा जागा सोडत नसेल, तर राहत्या घरासाठी कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं. तिथे लेखी करार हाच निर्णायक पुरावा धरला जातो. समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत समोरच्याने बचावाची परवानगी मागावी लागते, आणि मुदतीनंतरच्या राहण्याबद्दल दुप्पट भरपाई मागता येते. दुकानगाळ्याला हा मार्ग नाही, तिथे लघुवाद न्यायालयाची वाट धरावी लागते. ‘बारा वर्षं राहिला की तो मालक होतो’ हेही खरं नाही. परवानगीने राहणाऱ्याला विरोधी कब्जा सांगता येत नाही. मात्र तोंडी व्यवहार, रोखीचं भाडं, संपलेला करार तसाच चालू ठेवणं यांनी तुमचा पुरावा दुबळा होतो. आणि कितीही राग आला तरी पाणी किंवा वीज तोडू नका. तो गुन्हा आहे, आणि त्यानंतर तुमची चांगली बाजूही न्यायालयाला चांगली दिसत नाही.

इथे एक गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही. आडनाव पाहून, धर्म विचारून, एकटी बाई आहे म्हणून, मासे खातात म्हणून घर नाकारलं जातं, आणि सोसायटीचा सेक्रेटरी त्याला नियमाचं रूप देतो. जागा भाड्याने दिल्यास संस्था सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंत बिनभोगवटा शुल्क घेऊ शकते. भाडेकरू कोणत्या जातीचा असावा हे ठरवण्याचा अधिकार तिला नाही. ज्या घरमालकांना कायद्याचं संरक्षण हवं आहे, त्यांनी या बाबतीत स्वतःच्या दारातही पाहिलं पाहिजे.

परदेशातल्या आपल्या माणसांसाठी दोन शब्द. मालक अनिवासी असेल तर भाडं देणाऱ्यालाच कर कापून भरावा लागतो, आणि तो कापला नाही तर नोटीस भाडेकरूला येते. कुलमुखत्यारपत्र नातेवाइकाला देताना ते भाड्यापुरतं आहे की विक्रीचंही, हे नेमकं लिहा. नुसत्या मुखत्यारपत्रावर मालकी हस्तांतरित होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सुरज लॅम्प प्रकरणात सांगितलं आहे, तरी गावोगाव तसे व्यवहार चालूच आहेत.

गुंतवणूक म्हणून दुसरं घर घेणाऱ्यांना मी आधी गणित करायला सांगते. एक कोटीचा फ्लॅट, महिना पंचवीस हजार भाडं, म्हणजे वर्षाला तीन टक्के. त्यातून मेंटेनन्स, मालमत्ता कर, दोन भाडेकरूंमधला रिकामा महिना, रंगकाम वजा करा. कर्ज काढून घेतलं असेल तर व्याज भाड्याच्या कितीतरी वर जातं. मग सगळी भिस्त किंमत वाढण्यावर राहते, आणि किंमत वाढेलच असं वचन कुणी देऊ शकत नाही.

तरीही घर घ्यायचं ठरवलं, तर कागद तपासायचे; म्हणजे नेमके कोणते? १ मे २०१७ पासून बिल्डरांच्या प्रकल्पांवर देखरेख करणारं महारेरा सुरू झालं. नोंदणीकृत कराराआधी दहा टक्क्यांहून जास्त रक्कम बिल्डरला घेता येत नाही, ग्राहकांच्या पैशांतले सत्तर टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात, विक्री चटईक्षेत्रावर होते. ही मोठी सुधारणा आहे. पण नोंदणी क्रमांक दिसला म्हणून निर्धास्त होऊ नका. कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारतींनी पालिकेच्या परवानग्यांची बनावट कागदपत्रं दाखवून रेराची नोंदणी मिळवल्याचं उघड झालं, आणि २०२४ साली उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला. त्या घरांत राहणाऱ्यांनी बँकेचं कर्ज काढलं होतं, मुद्रांक शुल्क भरलं होतं. म्हणून बांधकाम परवानगी पालिकेत जाऊन पडताळा, वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट घ्या, भोगवटा प्रमाणपत्राशिवाय ताबा घेऊ नका.

आणि ज्या सोसायटीत आधीच राहता, तिथे विचारा: कन्व्हेयन्स झालं आहे का? सदनिकांच्या मालकीविषयीच्या १९६३ च्या मोफा कायद्याने बिल्डरला संस्था स्थापन झाल्यावर चार महिन्यांत जमीन तिच्या नावे करून द्यायला सांगितलं. हजारो संस्थांच्या बाबतीत ते आजही झालेलं नाही. चाळीस वर्षं मेंटेनन्स भरणारे सभासद आणि जमिनीवर नाव बिल्डरचं, किंवा मूळ जमीनमालकाच्या वारसांचं. मी सुरुवातीला म्हटलं ती फारकत इथे उलट्या बाजूने दिसते: देखभाल करणाऱ्याकडे हक्काचा कागद नाही. २००८ पासून मानीव अभिहस्तांतरणाची, म्हणजे डीम्ड कन्व्हेयन्सची, सोय आहे, जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करता येतो. पुनर्विकासाचा विषय निघेपर्यंत थांबू नका, कारण तेव्हा वाढीव चटईक्षेत्रावर हक्क सांगायला कुणीतरी उगवतंच.

केंद्राने २०२१ साली आदर्श भाडेकरार कायदा मंजूर करून राज्यांपुढे ठेवला. त्यात राहत्या घराला दोन महिन्यांहून जास्त डिपॉझिट नाही, डागडुजीची विभागणी मालक आणि भाडेकरू यांच्यात यादी करून दिलेली, आणि वादांसाठी वेगळं प्राधिकरण. नव्या करारांपुरतं ते उपयोगी आहे. पण चाळींचा प्रश्न त्याने सुटत नाही, आणि तिथे माझी सूचना अशी. भाडं एकदम बाजारभावाला नेलं तर गिरगाव-लालबागमधली म्हातारी माणसं दुसऱ्या दिवशी बेघर होतील, ते होता कामा नये. भाडेकरूचं संरक्षण कायम ठेवून प्रत्येक खोलीमागे दुरुस्तीची वेगळी वर्गणी, चौरस फुटावर, खर्चाच्या मानाने ठरवावी. ज्यांना परवडत नाही त्यांच्या वाट्याची भर सरकारने घालावी, कारण गरिबाला घर देण्याचं कर्तव्य सरकारचं आहे, ते एकट्या घरमालकाच्या माथी मारता येणार नाही. हा पैसा मालकाच्या खिशात जाऊ नये, दुरुस्ती मंडळाच्या तिजोरीतही हरवू नये. त्या इमारतीच्या नावाने बँकेत खातं असावं, मालक आणि भाडेकरूंचा प्रतिनिधी अशा दोघांच्या सहीने चालावं, आणि दरवर्षी मे महिन्याच्या आत, पाऊस लागण्यापूर्वी, त्याचा हिशेब जिन्याखालच्या फळ्यावर लागावा.